शेजारची खुर्ची

कर्णिककाकांचं छोटं विमान दोनच माणसांचं. काकू गेल्यापासून ते एकटेच उडतात. आज निघण्याआधी त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा पट्टा घट्ट आवळला.

"तिथं कोण बसणार आहे?" मी विचारलं.

"कुणी नाही, म्हणूनच. सुटा राहिला तर सुकाणूच्या दांडीत अडकतो."

दोन्ही खुर्च्यांपुढच्या दांड्या आतून जोडलेल्या असतात. काकांनी आपली हलवून पाहिली, तशी काकूंच्या बाजूचीही सावकाश हलली. रिकामी जागा बांधून ठेवली नाही तर ती आपल्याच हातापायांत येते, असं मनात आलं.

परतल्यावर पंखा थांबेपर्यंत काका बसून राहिले. मग त्यांनी आधी काकूंचा पट्टा सोडला, त्या बाजूचं दार उघडलं आणि वाट पाहिली.

मी खाली त्याच दारासमोर उभा होतो. नकळत बाजूला सरकलो.