झाकलेला विस्तव

थंडी म्हणजे काय हे सोलापूरच्या माणसाला कळत नाही, आणि आपल्याला कळत नाही हेही त्याला कळत नाही. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे जरा हुडहुडी भरली की लोक कानटोप्या घालून, जग बुडाल्यासारखं तोंड करून शेकोटीभोवती बसतात. तेवढ्या अनुभवावर मी किर्गिझस्तानात डॉक्टरकी शिकायला गेले. कुंभारीहून निघताना आईने बॅगेत दोन सोलापुरी चादरी कोंबल्या आणि म्हणाली, "आता बर्फ पडू दे न्हायतर दगड."

कॉलेज डोंगरातल्या एका लहानशा गावात होतं. एजंटाने फोटोत दाखवलेल्या होस्टेलला अजून खिडक्या बसायच्या होत्या, म्हणून आम्हा मुलींची सोय गावातल्या घरांमध्ये केली होती. मला एका एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे खोली मिळाली आणि सोबतीला आमच्याच जिल्ह्यातल्या, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या मैंदर्गीची मुलगी. तिच्या घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. मराठी बोलता बोलता चिडली की ती कन्नडमध्ये शिरायची, म्हणजे मला शिव्या कळू नयेत. मला त्या बरोबर कळायच्या. तिच्या घरात बारावीपुढे शिकलेली ती पहिलीच मुलगी. लग्न जवळजवळ ठरलं होतं, ते थोरल्या भावाने अडवलं आणि तिला इकडे धाडलं.

"हितं नापास झाले तर माजं काय हुतंय ठावं हाय का?" ती म्हणायची. "लगीन, आनि मेंढरं." म्हणायची हसत, पण त्यात गंमत काही नव्हती. पाठांतराला बसली की जेवायला उठायची नाही.

मला ते गाव पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. लोकांना डोंगर बघून काय होतं कोण जाणे. मला कोंडल्यासारखं व्हायचं. आमच्याकडे माळावर उभं राहिलं की पार पलीकडच्या गावाची पाण्याची टाकी दिसते. इथे जिकडे बघावं तिकडे भिंत. दुपार कलली की सूर्य त्या भिंतीआड जायचा तो जायचाच. पाव खाऊन तोंडाची चव गेली होती. घरून फोन आला की मी "मजेत आहे" म्हणायचे आणि फोन ठेवून चादरीत तोंड खुपसून रडायचे. मैंदर्गीची मात्र घरी बोलताना खरोखर खुश असायची. "अव्वा, बर्फ बघ की," म्हणून आईला फोनवर खिडकी दाखवायची. तिचा मला रागच यायचा.

खोलीतल्या उबेला एकच आधार होता. भिंतीत बांधलेली विटांची भट्टी. तीत दगडी कोळसा जाळायचा. धूर जायला धुराडं, आणि धुराड्यात सरकवायची पत्र्याची एक झडप. कोळसा पुरता जळला की झडप लावायची, म्हणजे ऊब आत राहते. म्हातारीची भाषा आम्हाला येत नव्हती. तिने निखाऱ्यांवरच्या निळ्या ज्योती बोटाने दाखवल्या, झडपेला हात लावला आणि जोरात मान हलवली. ज्योती दिसताहेत तोवर झडप लावायची नाही, इतकं आम्हाला समजलं. का, ते समजलं नाही. गॅसवर स्वयंपाक बघत वाढलेल्या मला तर भट्टीची भीतीच वाटायची. ते खातं मी मैंदर्गीच्या मुलीवर सोपवलं होतं.

तिला विस्तवाची भीती नव्हती. तिच्या घरी अजून चूल होती. रात्रीच्या भाकरी झाल्या की तिची आई निखाऱ्यांवर राख ओढायची. आत विस्तव धुमसत राहायचा आणि सकाळी फुंकर घातली की पेटायचा. काडी लागायची नाही. पिढ्यान् पिढ्या बायका हेच करत आल्या. चूल पत्र्याच्या छपराखाली, चारी बाजूंनी वारा. कुणाला कधी काही झालं नाही.

एका रविवारी मी म्हातारीबरोबर बाजारात बटाटे आणायला गेले. मैंदर्गीच्या मुलीला परीक्षेचा अभ्यास होता, ती खोलीतच थांबली. आम्ही येईपर्यंत ऊब टिकावी म्हणून तिने जळत्या कोळशावर राख ओढली. राखेखाली ज्योत दिसणार कुठून? दिसत नाही म्हणजे झालं, असं समजून तिने झडप लावली. खिडक्यांच्या फटी म्हातारीने थंडीआधीच कागद चिकटवून बुजवल्या होत्या. कोळशाचा विषारी वायू खोलीतच साचला. त्याला वासही नसतो.

आम्ही परतलो तेव्हा ती पुस्तकावर पालथी पडली होती. ओकली होती. म्हातारीने किंकाळी फोडली आणि त्या वयात तिला काखेत धरून ओढत बाहेर बर्फावर आणलं. मी नुसती उभी होते, हातात बटाट्यांची पिशवी.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले, मला ओळखलं, आणि पहिलं वाक्य म्हणाली, "घरला सांगू नगंस. सांगितलंस तर न्हेत्यात मला. एकदा न्हेलं की परत पाठवत न्हाईत." मी तिच्या हातावर हात ठेवून शपथ घेतली. ती हिंडूफिरू लागली, वर्गात येऊ लागली. मला वाटलं, सुटलो.

मग काही आठवड्यांनी तिने चहात मीठ घातलं. आम्ही हसलो. नंतर ती कॉलेजची वाट चुकली; सरळ रस्ता, वळण एकच. मग काल पाठ केलेली हाडांची नावं आज कोरी. पुस्तक उघडून तेच पान दुपारभर बघत बसायची. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि तिथली भाषा येणाऱ्या एका सीनियर मुलाकडून मला सांगितलं की हा वायू कधीकधी असा मागाहून मेंदूवर उतरतो. सुधारेल, कदाचित नाही. तिला घरच्या माणसांत न्या.

मी तिच्या भावाला फोन केला. शपथ मोडल्याचं मला वाईट वाटलं नाही. खरं वाईट वाटलं ते पलीकडून त्याने "परीक्षा झाली न्हवं तिची?" असं विचारलं तेव्हा. तिला सांगितल्यावर तिने कन्नडमध्ये मला जे नाही ते ऐकवलं. उशी फेकली. "वैरीण हाईस तू," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिने माझ्यासाठी चहा केला आणि विचारलं, "आज पयला तास कशाचा?" तिला काहीच आठवत नव्हतं. मग तिला घरी जायचंय हे मी रोज नव्याने सांगायचे आणि ती रोज नव्याने कोसळायची. शेवटी मी सांगणंच सोडून दिलं. त्यापेक्षा तिने माझ्यावर जन्मभर राग धरला असता तर मला चाललं असतं.

ती आता मैंदर्गीत असते. "बरीच सुधारली," असं तिचा भाऊ फोनवर म्हणतो. बरीच म्हणजे किती, हे मी विचारत नाही. मी शिकले, परत आले, सोलापुरातच काम करते.

भाऊ न्यायला येणार होता त्या सकाळी मी तिची बॅग भरत होते. ती पलंगावर बसून बघत होती. मग उठली, माझ्या हातातला स्वेटर काढून घेतला, नीट घडी घातली आणि बॅगेत ठेवला.

"कुटं निघालीस गं?" तिने विचारलं.

डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना. तिने माझं डोकं खांद्यावर ओढून घेतलं आणि लहान मुलाला थोपटावं तशी पाठ थोपटू लागली.

"रडू नगंस. घरला गेलं म्हंजे शिक्षान संपलं व्हय? चार दिस ऱ्हा, आनि ये की परत. मी हाय की हितं."