वांग्याची गाय, केळ्याचा घोडा

परवा अविधवा नवमीला आमच्या घरी एक गंमत झाली. अशा दिवशी गंमत हा शब्द बरा दिसत नाही, पण दुसरा सुचत नाही...

माझी पत्नी सीमा गेली त्याला सव्वा वर्ष झालं. घरात आता मी आणि बारावीतली मुलगी श्रेया. दोघंही कमी बोलणारे. घरातलं बोलायचं काम सीमाच करायची. ती गेल्यापासून श्रेयाने "आई" हा शब्द एकदाही काढला नव्हता. विषय निघाला की ती उठून जायची. मग मीही काढेनासा झालो.

मायलेकींना जपानी कॉमिक्सचा नाद होता. इंदूरला गेल्या की दोन-चार पुस्तकं आणायच्या आणि दुपारभर वाचत, हसत बसायच्या. मला त्यातलं काही कळत नसे. सीमा गेल्यावर श्रेयाने ती सगळी पुस्तकं दिवाणात ठेवून दिली.

या उन्हाळ्यात ती क्लासला गेली की मी एकेक काढून वाचू लागलो. वाटलं, निदान बोलायला काही विषय मिळेल. पहिलं पुस्तक तर मी चक्क शेवटाकडून वाचलं... ती उजवीकडून सुरू होतात हे कुठे माहीत होतं!

पण हळूहळू गोडी लागली. तिथेही चपला दाराशी काढतात, जेवणाआधी हात जोडतात. आया डब्यात गाजराची फुलं कापून देतात. घरात गेलेल्या माणसाचा फोटो असतो, त्याच्यापुढे भात ठेवतात, आणि बाहेरून आलं की त्याला सांगतात, मी आले बरं का... ते पान मी तीनदा वाचलं.

एका पुस्तकात त्यांच्या पितरांचे दिवस होते. काकडीला आणि वांग्याला काड्यांचे पाय लावून ते एक घोडा आणि एक गाय करतात. पितरांनी घोड्यावर बसून लवकर घरी यायचं आणि गायीवर बसून सावकाश परत जायचं. नवमीला सीमासाठी हे करायचंच, असं मी मनात ठरवलं.

श्रेयाने मात्र आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "कावळ्याचं पान मी ठेवणार नाही. मला नाही होणार."

सकाळी बाजारात धड काकडी मिळाली नाही. शाहपूरच्या मामेभावाने पाठवलेली कच्ची केळी घरात होती, त्यातलंच एक घेतलं. पुस्तकातलं चित्र काळं-पांढरं आणि एवढंसं. त्यात घोडा कोणता नि गाय कोणती, कळेना. वांगं काळंभोर, चकचकीत, रुबाबदार... म्हणून त्याला घोडा केलं. केळ्याची गाय. आगपेटीच्या काड्यांचे पाय लावून दोन्ही सीमाच्या फोटोपुढे ठेवले.

इच्छापूरहून माझी थोरली बहीण स्वयंपाकाला आली होती. ताई खिरीचं पातेलं घेऊन आली आणि दारातच थबकली. "अरे, पित्तरांच्या ताटापाशी वांगं? चातुर्मासात? पागल झाला का तू?"

आवाज ऐकून श्रेया आली. फोटोपुढे बघत राहिली. मला वाटलं, आता ही पाठ फिरवणार...

"पप्पा, तुम्ही ती पुस्तकं वाचली?"

"वाचली. हा घोडा, यायला. ही गाय, जायला."

"उल्टं केलं ना पप्पा! वांगं गाय असतं! तुमच्या हिशोबाने आई डुलत डुलत सर्वपित्रीला पोहोचणार, आणि आल्या आल्या तुम्ही तिला पळवून लावणार!"

आणि ती हसायला लागली. हसता हसता खालीच बसली, आणि मग रडली. मीही. ताई पातेलं धरून तशीच उभी.

"नंतर हसा. आधी ते वांगं उचला."

"खायला नाहीये आत्या," श्रेया डोळे पुसत म्हणाली, "बसायला आहे. आई त्यावर बसून जाणार."

ताईने जरा विचार केला. "बसायला... बसायला चालत असेल."

मग श्रेयाने स्वतः केळ्याचे पाय नीट केले आणि त्याचं तोंड घराकडे वळवलं. "पचमढीला आई घोड्यावर किती ओरडली होती, आठवतं पप्पा? याला घाबरणार नाही." गच्चीवर पानही तीच घेऊन गेली. दुपारभर आईबद्दल बोलत होती. कितीतरी गोष्टी मला माहीतच नव्हत्या...

संध्याकाळी दोन्ही जनावरं तापीत सोडायला मी पिशवी काढली. तर ताईच म्हणाली, "गाय सावकाश जाते ना रे? मग आपल्याला काय घाई आहे. उद्या जाऊ."

मी पिशवी परत खुंटीला लावली.

जपान मी पाहिलेला नाही, पाहणारही नाही. पण तिथल्या कुणीतरी ते एवढंसं चित्र काढलं, आणि बऱ्हाणपुरात माझी मुलगी माझ्याशी बोलायला लागली... त्या अनोळखी माणसाला माझा नमस्कार.