शेंड्यापर्यंतची हमाली

हॉस्पिटलात सगळे त्यांना नाकवाले काका म्हणत, आणि काकांना त्याचा राग येत नसे. येणार तरी कसा? दुसऱ्याच्या नाकात नाक खुपसायचा पगार घेणारा त्या इमारतीत दुसरा माणूस नव्हता. मुलांच्या नाकपुडीत बारीक ब्रश घालायचा, रडं फुटायच्या आत फिरवून बाहेर काढायचा, कोमट द्रावणाच्या कुपीत झटकायचा आणि थेंबभर नमुना मायक्रोस्कोपखाली धरायचा, हे त्यांचं काम. स्वभावानेही तसे नाकासमोर चालणारे. खोड एकच. नमुना चांगला निघाला की शेजारच्या टेबलावरच्याला ओढून आणून दाखवायचे.

"अहो काका, कालच बघितलं ना!"

"कालचं वेगळं होतं. ये इकडे."

आणि खरंच, ते होतंच बघण्यासारखं. नाकाच्या आतल्या एकेका पेशीवर शेकड्यांनी रोम, केसाहून कितीतरी बारीक, आणि सगळे एका लयीत वल्ही मारत असतात. धूळ, शेंबूड, जंतू, जे येईल ते घशाकडे लोटून देतात. दिवस नाही, रात्र नाही.

पण काका खरे वेडे झाले ते प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी एकदा चहा पिताना सांगितलेल्या गोष्टीने. या रोमाला म्हणे स्वतःचं काहीच बनवता येत नाही. ज्या प्रथिनांचा तो बनतो, ती सगळी खाली पेशीत तयार होतात. रोमाच्या बुडाशी एक चौकी असते. आत कोणाला सोडायचं आणि कोणाला नाही, ते तिथे ठरतं. चौकी ओलांडली की हमाल माल पाठीवर घेऊन आतल्या रुळांवरून थेट शेंड्यापर्यंत चढतात, कारण रोम वाढतो तो शेंड्याकडून. माल उतरला की झिजलेलं सामान घेऊन दुसरे हमाल खाली येतात. हे हमाल इतके लहान, की काकांच्या मायक्रोस्कोपमधून ते दिसायचेही नाहीत.

"आणि त्यांना कुठे जायचं ते सांगतं कोण?" काकांनी विचारलं. चहा कधीच गार झाला होता.

"थोडं कळलंय," बाई म्हणाल्या. "पुष्कळ कळायचंय."

या उत्तराने काका आणखीच भारावले. घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नाकात हमाल आहेत, आणि इथे गॅसचं सिलिंडर मी ओढतेय."

त्यांची नात, मुलीची मुलगी, पायाला चाकं लावल्यासारखी धावायची म्हणून तिला भिंगरी म्हणत. धावायची आणि खोकायची. नाक कायम वाहतं, कान सारखे फुटलेले. शेवटी डॉक्टरांना शंका आली, हिचे रोम जन्मतःच बिघडलेले तर नसतील? तसं असलं तर त्यावर औषध नाही. छातीत कफ साठत राहतो आणि फुप्फुसं हळूहळू खराब होतात. तपासायचं ठरलं. पण भिंगरी नुकतीच मोठ्या सर्दीतून उठली होती, आणि सर्दीनंतर दीड महिना नमुना घ्यायचा नाही, हा नियम. सर्दी रोम पार झडवून टाकते, तेव्हाचा नमुना खोटं बोलतो. हेच सांगून काकांनी आजवर कितीतरी आईबापांना परत पाठवलं होतं.

स्वतःच्या नातीच्या वेळी मात्र त्यांचा धीर सुटला. एका दुपारी बाई मीटिंगला गेल्या आणि काकांनी मुलीला फोन लावला, "आण तिला." ब्रश फिरला, भिंगरीने भोकाड पसरलं, काका डोळा लावून बसले. पेशी होत्या, पण टक्कल पडलेल्या. कुठे एखादा खुंट, तोही निपचित.

"बाबा?" मुलगी मागे उभी होती.

अशा वेळी गप्प बसायचं असतं. पण तिचा चेहरा बघून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हलत नाहीयेत गं."

बाईंना कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. "काका, ही तिची सर्दी दिसतेय, तिचे खरे रोम नव्हेत," एवढंच म्हणाल्या. काकांनी मुलीला परोपरीने समजावलं. पण तोंडातून गेलेला शब्द कुठे परत येतो? तिने पहिलंच वाक्य धरून ठेवलं. काकांचंही अन्नावरून मन उडालं. ज्या गोष्टीचा आयुष्यभर अचंबा केला, तिचीच आता भीती वाटायला लागली. हमाल निघालेच नसतील तर? चौकीवरच अडले असतील तर?

दीड महिन्याने बाईंनी स्वतः ब्रश फिरवला आणि मायक्रोस्कोप काकांपुढे सरकवला. काका पुढे झाले.

"तुम्ही नका सांगू मला काही," मुलगी म्हणाली. "मीच बघते."

ती वाकली. तिने हे कधी बघितलं नव्हतं, काय शोधायचं तेही तिला ठाऊक नव्हतं.

"बाबा, इथे कडेला काय आहे? वारा सुटल्यासारखं. सगळं एकदम हलतंय... थांबतच नाहीये."

काकांनी बाईंना जागा करून दिली. बाईंनी डोळा लावला, कॅमेऱ्यात घेऊन पुन्हा पुन्हा बघितलं आणि मग म्हणाल्या, "उत्तम. हा तो आजार नाही. खोकल्याचं कारण दुसरं आहे, ते शोधू."

मुलगी अजून मायक्रोस्कोपकडेच बघत होती. "हे सगळे झडले होते ना? मग कधी आले?"

"रोज येत होते," काका म्हणाले. "तू रडत होतीस, मी जेवत नव्हतो, तेव्हा आत माल वर चढत होता. कण न् कण. कोणी सांगितलं नाही, कोणी बघितलं नाही."

"मी रोज ती झोपली की तिच्या छातीला कान लावायचे, बाबा," ती म्हणाली. "मला काहीच ऐकू आलं नाही."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.