साखळीवाल्या नॉर्बर्टचं तोंड

नॉर्बर्ट लायकरला राग यायला एरवी फारसं निमित्त लागत नसे. आठवडाभर तो प्रोपेन गॅसचा ट्रक घेऊन ओटिलिया गावाच्या आसपासच्या शेतांवर टाक्या भरत हिंडायचा आणि वाऱ्यावर, गव्हाच्या भावावर, कुणाच्या तरी मोकाट कुत्र्यावर, जे समोर येईल त्यावर रागवायचा. पण शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जो राग यायचा तो खरा. कारण त्या रागाचं कारण त्याच्या स्वतःच्या पोटचं होतं. त्याचा मुलगा कर्ट हा ओटिलिया हायस्कूलच्या फुटबॉल संघाचा मुख्य कोच होता, आणि कर्ट चेंडू फेकत होता.

फेकत होता म्हणजे ऊठसूट फेकत होता. अमेरिकी फुटबॉलात चेंडू हातात धरून पळवता येतो किंवा पुढच्या गड्याकडे फेकता येतो, आणि कर्ट पोरांना फेकायलाच लावायचा. नॉर्बर्टच्या जमान्यात ओटिलियाचा संघ क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू वाटणाऱ्या गड्याच्या, मागे तीन गडी उभे करायचा, त्यातल्या कुणाच्याही हाती चेंडू जायचा आणि मग सगळा गाव मिळून समोरच्याला ढकलत न्यायचा. मधला दांडगा गडी नॉर्बर्ट. त्याचा डावा गुडघा आजही जिना चढताना त्या दिवसांची आठवण करून द्यायचा आणि त्याला त्याचा अभिमान होता. कर्टने कोच झाल्या झाल्या ते तिघे मोडीत काढले. एकच गडी मागे ठेवला, बाकीची पोरं मैदानभर पसरवून उभी केली आणि कॅन्ससच्या त्या पिसाट वाऱ्यात चेंडू फेकायला सुरुवात केली.

शनिवारी सकाळी डॉटीच्या कॅफेत याची पंचनामा-बैठक बसायची. मिठाची डबी क्वार्टरबॅक, मिरपुडीची डबी मागचा गडी, साखरेच्या पुड्या पुढची रांग. सॉसची बाटली नेहमी समोरचा संघ.

"हे बघ," नॉर्बर्ट पुड्या एकमेकींना चिकटवत म्हणायचा, "खांद्याला खांदा. आता घुस म्हणावं कुठून घुसतोस ते. आणि हा शहाणा काय करतो?" मग तो चार पुड्या टेबलाच्या चार कोपऱ्यांना भिरकावायचा. एखादी कुणाच्या तरी अंड्यांत पडायची.

"पोरगा तुझाच ना रे?" गिल्बर्ट ड्रायलिंग विचारायचा. गिल्बर्ट धान्याच्या कोठारावर मॅनेजर होता, आणि शाळेच्या बोर्डाचा अध्यक्षही.

"पोरगा माझा. अक्कल विद्यापीठाची."

टेबल हसायचं. नॉर्बर्टला ते हसू आवडायचं, हे सांगून टाकलेलं बरं. रागाला श्रोते मिळाले की तो राग सोडवत नाही. वर्षभर दर शनिवारी त्याने तेच वाजवलं आणि गिल्बर्ट दर शनिवारी मान डोलावत ऐकत गेला.

रविवारी कर्ट बायको आणि लेकीला घेऊन जेवायला यायचा. व्हर्लीन, म्हणजे नॉर्बर्टची बायको, बीरॉक करायची. खिमा आणि कोबी भरून भाजलेले ते पाव कर्ट एका वेळी चार-चार खायचा, पण बापाने तोंड उघडलं की दुसरा पाव हातातच राहायचा.

"तुमच्या वेळी एकेका घरात आठ-आठ पोरं होती, बाबा," कर्ट म्हणायचा. "गवताचे गठ्ठे फेकून फेकून मान ही एवढी झालेली. आता ती घरंच राहिली नाहीत. माझी पोरं किडकिडीत आहेत. ढीग लावून ढकलाढकली केली की ज्याचं वजन जास्त तो जिंकतो. पसरवून उभी केली की ज्याचे पाय चपळ तो जिंकतो. माझ्याकडे पाय आहेत, वजन नाही."

"वजन नाही, कारण तू त्यांना घाबरायला शिकवतोस! एक यार्ड हवा असतो आणि तू फेकतोस. एक यार्ड! तुझी आई पळवेल एक यार्ड!"

"आईला यात ओढू नका," व्हर्लीन म्हणायची. "आणि टेबलावर मूठ आपटू नका. सूप सांडतं."

ऑक्टोबर संपता संपता गिल्बर्टने कॅफेत सांगितलं, की रॅन्सफर्डविरुद्धच्या शेवटच्या सामन्यानंतर बोर्ड कर्टच्या कराराचा निर्णय घेणार. जिंकला तर राहील. हरला तर बोर्ड दुसरा कोच बघेल. मग नॉर्बर्टच म्हणाला, "बरोबर आहे. धडा मिळायलाच हवा."

घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं, तेव्हा ती भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

"काढलं तर जातील कुठे? इथे जवळपास कुठल्या शाळेला कोच हवाय? कुठेतरी दुसऱ्या राज्यात, नेब्रास्काकडे जावं लागेल त्यांना. जोसी सहा वर्षांची आहे, नॉर्ब. त्या टेबलावर बसून तुम्ही आपल्या नातीचं सामान बांधताय."

जोसी रोज संध्याकाळी आजोबाच्या ट्रकच्या पायरीवर येऊन बसायची आणि त्याने हात धुऊन येईपर्यंत हॉर्न वाजवत राहायची. गल्लीतली कुत्री भुंकायची. नॉर्बर्ट तिच्यावरही ओरडायचा, पण ट्रकची किल्ली मुद्दाम आत ठेवून. बायकोचं बोलणं त्याला झोंबलं. झोंबलं म्हणून तो तिच्यावरच चिडला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसला.

सामन्याच्या दिवशी त्याला प्रेक्षकांत बसता येत नसे, कारण नॉर्बर्ट साखळीवर होता. दहा यार्ड पुढे जायला संघाला चार खेपा मिळतात. ते दहा यार्ड मोजायची साखळी आणि तिचे दोन खांब धरणारी माणसं गावचीच असतात, आणि उभी राहतात मैदानाच्या पलीकडच्या कडेला, पाहुण्या संघाच्या ऐन गर्दीत. त्या कामाला एकच नियम आहे. तोंड बंद. ना टाळी, ना शिवी, ना सल्ला. तू तिथे कुणाचा बाप नाहीस, कुणाचा गाववाला नाहीस. नॉर्बर्टने तो नियम वर्षानुवर्षं पाळला होता. कसा, ते त्याच्या दातांच्या डॉक्टरला विचारावं.

रॅन्सफर्डचा कोच बोकेलमन नावाचा तरुण होता. आल्या आल्या त्याने नॉर्बर्टशी हात मिळवला, "सर" म्हणाला, कॉफी विचारली. सामना सुरू झाला आणि कर्टने फेकायला सुरुवात केली. कधी पास लागायचा, कधी वारा चेंडू घेऊन जायचा. नॉर्बर्ट खांब आवळून धरत होता. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा ओटिलिया चार गुणांनी मागे होता आणि चेंडू रॅन्सफर्डच्या गोलरेषेजवळ येऊन ठेपला होता. दुसरी खेप, कर्टने फेकला, हुकला. तिसरी खेप, पुन्हा फेकला, एका पोराने कसाबसा झेलला आणि दहाला एक यार्ड कमी असताना आडवा झाला.

नॉर्बर्टच्या डोक्यात तिडीक गेली.

"फेक, फेक, फेक!" तो स्वतःशीच पुटपुटला, पण नॉर्बर्टचं पुटपुटणं म्हणजे इतरांचं बोलणं. "आणि लपवायची तरी अक्कल? तो मागचा गडी क्वार्टरबॅकच्या बरोबरीने उभा राहिला की फेक, अर्धं पाऊल मागे राहिला की पळ! वर्षभर बघतोय. आंधळ्याला दिसेल!"

त्याच्या पाठीमागे दोन हातांवर बोकेलमन उभा होता. तो नुसता पुढे सरकला.

आता चौथी खेप. एक यार्ड. मिळाला तर पुन्हा चार खेपा आणि समोर गोलरेषा. नाही मिळाला तर खेळ खलास. पलीकडच्या कडेला कर्ट उभा होता, तोंडासमोर डावांचा कागद धरून. पोरं रांगेत उभी राहिली. नॉर्बर्टने सवयीने मागच्या गड्याच्या पायांकडे पाहिलं.

अर्धं पाऊल मागे.

पळवणार! माझा पोरगा पळवणार! आणि त्याच क्षणी त्याला शेजारी बोकेलमन दिसला. तो चेंडूकडे बघत नव्हता. तोही पायांकडेच बघत होता. त्याने मूठ वर केली आणि खच्चून ओरडला, "आत! सगळे आत!" रॅन्सफर्डची मैदानभर पसरलेली पोरं धावत मधोमध गोळा झाली.

नॉर्बर्टला कर्टला हाक मारायची होती. हाक मैदान ओलांडून गेली नसती, आणि गेली असती तरी उशीर झाला होता. चेंडू मागच्या गड्याच्या हाती गेला, तो खाली मान घालून घुसला आणि माणसांच्या भिंतीवर जाऊन थांबला. ढीग उकलला. साखळी आत न्यायला पंचांनी हात केला. नॉर्बर्ट स्वतःच्या हाताने खांब घेऊन गेला, साखळी ताणली, आणि चेंडू वीतभर कमी पडला हे सगळ्यांत आधी त्यानेच पाहिलं.

सामना संपल्यावर दोन्ही संघ एकमेकांशी हात मिळवायला मैदानात आले. बोकेलमन वाटेत मुद्दाम नॉर्बर्टपाशी थांबला. त्याचा चेहरा आनंदाने लाल झाला होता आणि कोण कुणाचं काय लागतं हे त्याला माहीत नव्हतं.

"सर, तुमचं लक्ष जबरदस्त! अर्धं पाऊल मागे की पळ. मी तर फेकच धरून बसलो होतो. तुम्ही नसतात तर आम्ही मेलो होतो."

त्याच्या मागे तीन पावलांवर कर्ट हात पुढे करून उभा होता.

बोकेलमन गेला. कर्टचा हात तसाच राहिला, मग खाली आला.

"तुम्ही सांगितलंत त्याला?"

"सांगितलं नाही रे. तोंडातून... मी आपला स्वतःशी..."

"स्वतःशी!" कर्टचा आवाज चिरला. "तुम्ही कधी बोललात स्वतःशी? कॅफेत बोलता, चर्चच्या पायरीवर बोलता, माझ्या पोरांच्या आईबापांशी बोलता. मी ऐकून घेतलं. म्हटलं बाप आहे. म्हटलं तिथे मैदानावर तरी तोंड बंद ठेवतो, नियम आहे त्याचा. आणि ऐका, त्या चौथ्या खेपेला मी फेकणार होतो. माझं मन सांगत होतं फेक. मग पलीकडे तुम्ही दिसलात, खांब धरून उभे. म्हटलं एकदा, एकदा त्यांच्या मनासारखं करू. तुमच्यासाठी पळवला, बाबा. तुमच्यासाठी! आणि तुम्ही तो त्यांना आधीच देऊन बसला होतात!"

पोरं थबकून बघत होती. नॉर्बर्टला जन्मात पहिल्यांदा रागवायला कुणी सापडेना.

शनिवारी तो कॅफेत गेला. बसला नाही. उभ्याउभ्याच त्याने झालेलं सगळं सांगितलं, काही न लपवता. "चूक कर्टची नाही," तो म्हणाला. "डाव बरोबर होता. मी फोडला."

गिल्बर्टने अंड्यांवर मिरपूड भुरभुरली आणि डबी खाली ठेवली.

"एका डावावरून आम्ही कुणाला काढत नाही, नॉर्बर्ट. वर्षभराचा विचार केलाय बोर्डाने."

"वर्षभराचं तुम्हाला काय माहीत? तू तर निम्मे सामने कोठारावरच असतोस!"

"तू सांगितलंस ना. याच टेबलावर. दर शनिवारी." गिल्बर्टही आता तापला होता. "सख्खा बाप म्हणतो याला कळत नाही, मग मी कोण मध्ये बोलणार? आता येऊन मला शिकवू नकोस."

नॉर्बर्टने हात फिरवला आणि टेबलावरच्या सगळ्या डब्या जमिनीवर गेल्या. सॉसची बाटली फुटली. डॉटीने त्याला बाहेर जायला सांगितलं. तिने कधी कुणाला असं सांगितलं नव्हतं. सोमवारी बोर्डाने कर्टला काढायचं ठरवलं आणि साखळीचं काम त्याने त्याच संध्याकाळी स्वतःहून सोडलं.

कर्टला नेब्रास्कात काम मिळालं, सरहद्दीपलीकडे बऱ्याच आत. सामान भरलं त्या दिवशी कर्टने आईला मिठी मारली आणि बापाकडे बघून "येतो" एवढंच म्हणाला. जोसीने शेवटचा हॉर्न वाजवला. तो इतका लांबवला, की शेवटी नॉर्बर्टनेच जाऊन तिला पायरीवरून उचललं. तिच्यावर ओरडला नाही.

पुढच्या सप्टेंबरात एका शुक्रवारी नॉर्बर्ट आणि व्हर्लीन दिवसभर गाडी चालवत त्या गावी गेले. कर्टला कळवलं नव्हतं. रविवारचे फोन व्हर्लीनलाच यायचे. ते तिकीट काढून लाकडी बाकांवर अगदी वर बसले. खाली सुनेशेजारी जोसी दिसत होती. थोडी उंच झाली होती. पलीकडे कडेला कर्ट, तोंडासमोर कागद.

मध्यंतरानंतर एका खेपेला एकच यार्ड हवा होता. कर्टने फेकला. चेंडू कुणाच्याच हाती लागला नाही.

पुढच्या बाकावर हिरव्या टोपीतला एक जाडा गृहस्थ होता. त्याने हात वर फेकले. "कुठून धरून आणलाय हा मूर्ख? एक यार्ड! माझी आई पळवेल एक यार्ड!"

"ए, गप बस!" नॉर्बर्ट उठून उभा राहिला. गुडघा कटकन वाजला. "तुला काय कळतंय त्यातलं? तुझ्या पोरांची वजनं बघ, समोरच्यांची बघ! ढीग लावला तर चिरडतील त्यांना. पसरवूनच उभं करावं लागतं. त्याच्याकडे पाय आहेत, वजन नाही! वारा पडला होता म्हणून फेकला त्याने, तू बघितलास का वारा? तू बघत होतास तुझे शेंगदाणे!"

चार बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. व्हर्लीनने त्याची बाही ओढली. तो आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही, आणि खाली कर्टची पाठ ताठ झाली. त्याने कागद खाली केला. पण वळून पाहिलं नाही.

हिरव्या टोपीवाला वरमला. "बरं, बरं. एवढं काय? तुमचा कोण लागतो तो?"

नॉर्बर्ट खाली बसला. मैदानावर पोरं पुन्हा रांगेत उभी राहत होती. या संघातल्या मागच्या गड्याची खोड निराळी होती. चेंडू त्याच्याकडे येणार असला की तो दोन्ही तळवे पँटला पुसायचा. नॉर्बर्टच्या ते पहिल्या दहा मिनिटांतच ध्यानात आलं होतं, आणि त्याने ते व्हर्लीनलाही सांगितलं नव्हतं. पोराने तळवे पुसले. नॉर्बर्टने टोपी काढून तोंडापाशी दाबून धरली, आणि पुढच्या बाकावरचा तो माणूस उत्तराची वाट बघत राहिला.