हात कानाला पुरला की

मी गाव सोडलं तेव्हा माझी मुलगी हसत होती. सकाळची पहिली जीप पाराजवळ हॉर्न वाजवत उभी होती. पिठाची पिशवी, गोधड्या, स्टोव्ह सगळं टपावर चढलं होतं, आणि कंपनीत नोकरी लागल्याच्या रुबाबात ईश्वरीचे पप्पा पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, ईश्वरीला कडेवर घेऊन गोठ्याकडं गेल्या होत्या. शेळी नुकतीच व्यायली होती. "लेकराला दिसू नको बाई निघताना, आकांत करंल," त्यांनी मला बजावलं होतं. "मी तिला करडू दावते, तवर तू जीपमधी बस." आमच्या पाथर्डीकडं ही रीतच आहे. लहान लेकराच्या आईनं घर सोडायचं ते चोरासारखं. मी पदर तोंडात कोंबून रडत जीपमध्ये बसले आणि गोठ्यामागून माझ्या लेकीचं खिदळणं ऐकू आलं. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. आज हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

तुमच्यातल्या ज्या बायका लेकरं गावाला ठेवून कंपनीच्या गेटातून आत जातात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. बाकीचे म्हणतात, पाथर्डी ते नगर म्हणजे काय सातासमुद्रापार आहे का? नाही. सुट्टीच्या दिवशी एसटीत बसलं की जेवणाच्या वेळेला घरी. पण नगरच्या नागापूरला आमची एकच खोली, यांची आणि माझी शिफ्ट कधी एकत्र कधी उलटी, आणि ईश्वरी जेमतेम चालायला लागलेली. तिला सांभाळणार कोण? तिचं पहिलं पाऊल तेवढं माझ्यासमोर पडलं होतं, चुलीपासून माझ्या मांडीपर्यंत. पुढचं सगळं अक्कांच्या अंगणात झालं.

तिला परत कधी आणायचं, हे अक्कांनीच ठरवलं. आमच्या गावात पूर्वी जन्मतारखा कुणाच्या धड नसायच्या. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायला लावायचे. बोटं डाव्या कानाला लागली की पोर शाळेच्या वयाचं झालं, नाही लागली तर पुढच्या वर्षी या. लहान लेकराचं डोकं मोठं आणि हात आखूड, हात लांबायला वर्षं जावी लागतात, एवढाच त्यातला हिशेब. ईश्वरीचा जन्मदाखला पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवलेला आहे, पण अक्कांना दाखल्याशी काय घेणं! "हात कानाला पुरला की घेऊन जा तुझी लेक," त्या म्हणाल्या. "तवर ती माझी." हसत म्हणाल्या, पण ते शेवटचं वाक्य मला कुसळासारखं टोचत राहिलं. अक्कांचे दोन्ही मुलगे मोठे होऊन बाहेरगावी गेलेले, घरात मुलगी कधी झालीच नाही. त्यांची हौस माझ्या पोरीवर फिटत होती.

मी कंपनीत चेकिंगला होते. पार्ट उचलायचा, मापाचं गेज लावून बघायचं, बसला तर ओके, नाही तर रिजेक्ट. दिवसभर हात चालायचे आणि डोक्यात अक्कांचं गेज फिरत राहायचं. आता कुठंवर पोचला असेल हात? टाळूपर्यंत? कपाळाच्या पलीकडं?

दर सुट्टीला गेले की मला वेगळीच मुलगी भेटायची. कांद्याला 'तांदा' म्हणणारी पोर सोडून यावं आणि पुढच्या खेपेला तिनं खणखणीत 'कांदा' म्हणावं. तो 'त' कुठल्या दिवशी गेला ते अक्कांना माहीत. आधी पायरी बसून उतरायची, मग भिंत धरून, आणि एकदा गेले तर उंबऱ्यावरून दोन्ही पायांनी उडी मारून समोर उभी. मी टाळ्या वाजवल्या तर म्हणाली, "हे तर मला कवाचं येतंय." नगरच्या कापडबाजारातून नेलेला फ्रॉक दर वेळी आखूड व्हायचा. दुकानदार विचारायचा, "केवढी आहे मुलगी?" मी हातानं उंची दाखवायची ती मागच्या भेटीची. अक्का फ्रॉक तिच्या अंगाला लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "वाढत्या अंगाचा घ्यावा गं." माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. वाढतं अंग रोज बघायला मिळणाऱ्या बाईला हे बोलायला काय जातंय!

फोन होता, पण ती दुधाची तहान ताकावर. व्हिडिओला गावात रेंज नसायची, म्हणून नुसतंच बोलायचं. मी विचारायची, "जेवलीस का गं?" पलीकडून काहीच नाही. मग अक्कांचा आवाज, "मान हलवतीय ती, व्हय म्हनतीय." पोरीला वाटायचं मम्मीला दिसतंय. बरेच महिने असंच चाललं. एके दिवशी मी तेच विचारलं आणि ती स्वतःच म्हणाली, "व्हय, जेवले." अक्का कौतुकानं सांगत होत्या की आता शहाणी झाली, फोनमध्ये मान हलवून चालत नाही हे तिला कळलं. मी "हो का" म्हणून फोन ठेवला आणि कंपनीच्या कँटीनमध्ये डबा तसाच बंद केला. मला दिसत नाही, मी तिथं नाही, हे माझ्या पोरीला कळलं होतं.

पुढं यांचा पगार वाढला, आम्ही नगरमध्येच केडगावला दोन खोल्यांत राहायला गेलो. शाळा हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्यात तिला आणायला म्हणून मोठ्या ऐटीत गावाला गेलो. जेवणं झाल्यावर अंगणात सगळ्यांसमोर मी म्हटलं, "ईशू, दाखव बघू हात कानाला पुरतो का." तिनं हात डोक्यावरून नेला, मान ताठ, डोळे घट्ट मिटलेले, बोटं ताणलेली, आणि कानाच्या अलीकडंच हात थांबला. दोन बोटं कमी. "पुरत न्हाई," ती म्हणाली. यांनी हसून उडवून लावलं, "असू दे, दाखला आहे ना." पण शब्द दिलेला होता, आणि पोरीचा चेहरा असा पडला होता की मलाच वाटलं, खरंच अजून लहान आहे, यंदा राहू द्यावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजेवर पडले होते. कडुनिंबाखाली पोरांचं शाळा-शाळा चाललं होतं. ईश्वरी मॅडम झाली होती, हातात तुरीची काडी. शेजारचं एक बारकं पोर शाळेत नाव घालायला आलं होतं. "हात पुरतोय का बघू," मॅडम म्हणाल्या. पोराला जमेना. "येड्या, असा न्हाई, असा," असं म्हणून माझ्या लेकीनं उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान मुळापासून मुठीत धरून दाखवला.

एवढ्याशा पोरीनं आम्हा सगळ्यांच्या हातावर तुरी दिल्या होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण पोरीवर नाही. मी तरातरा स्वयंपाकघरात गेले. अक्का भाकरी थापत होत्या. "तुम्हीच शिकवलंत ना तिला? हात मागं ठेवायला?" मी विचारलं.

अक्कांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "म्या न्हाई शिकिवलं," त्या म्हणाल्या. "पन मला म्हाईत हुतं. लई दिस झालं तिचा हात पुरतोय. लोक आले की आखूड हुतो, एकटी असली की पुरतो. म्या बगितलं आन् गप ऱ्हायले."

"का?"

"का म्हंजी?" त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "जळायला काय तुलाच येतं व्हय?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की जळण्याचा मक्ता एकट्या माझ्याकडं आहे. तरी खरं सांगू, त्या क्षणी मला अक्कांची दया आली नाही. मला हेवाच वाटला. आपल्या मनात आहे ते दुसऱ्याला दिसत नाही, आपण लपवलं तर लपतं, हे पोरीला ज्या दिवशी उमगलं, तो दिवससुद्धा अक्कांनी बघितला होता. माझी मुलगी पहिली लबाडी शिकली आणि तीही माझ्यापासून लांब राहण्यासाठी.

शेवटी त्याच उन्हाळ्यात आणलंच तिला. जीपमध्ये तिनं असा गोंधळ घातला की ड्रायव्हरनं गाणी बंद केली. केडगावात पहिले दिवस ती दारात बसून राहायची. शाळेत 'न्हाई', 'लई' म्हटलं की पोरं हसायची. दोन-तीन महिन्यांत तिनं जीभ बदलली. माझ्याशी बोलायची ती शाळेतलं मराठी, "मम्मी, मला भूक नाही आहे," पाहुण्यांच्या पोरीसारखं. आणि फोनवर अक्कांशी, "मोठीआय, व्हय गं, लई भारी, तुला सांगते ना..." मैत्रीण कोण, कुणाशी कट्टी, कबड्डीत कुणी चीटिंग केली, वर्गात कोण रडलं, हे मला कळायचं ते भिंतीआडून. मी भाजी चिरता चिरता कान लावून ऐकायची. एकाच पोरीला दोन भाषा फुटल्या होत्या आणि गोड होती ती माझ्या वाट्याला आली नव्हती.

मग तिचा पुढचा दात हलायला लागला. मी मनात म्हटलं, हा मात्र माझा. पडेपर्यंत रोज सकाळी मीच हात लावून बघायची. एका संध्याकाळी तो भाकरीत आला. मी आनंदानं उठले, दुधाचा दात छपरावर फेकायचा असतो, म्हणजे नवा सरळ येतो. पण आमच्या घराला स्लॅब, वर दुसरं बिऱ्हाड. ईश्वरीनं दात धुतला, काडेपेटीत ठेवला आणि म्हणाली, "हा मोठीआईच्या पत्र्यावर टाकायचा." मी हो म्हटलं. रात्री भांडी जरा जोरातच घासली.

दिवाळीत गेलो. दात पत्र्यावर खणकन वाजला आणि मोठीआई आणि लेक दोघी नाचल्या. मी ओसरीत बसून फराळाचे डबे लावत होते. निघायच्या दिवशी पुन्हा तीच सकाळ, तीच जीप, तोच हॉर्न. अक्कांनी पिशवीत शेंगा भरल्या, ईश्वरीच्या वेणीला गाठ मारली आणि थट्टेत म्हणाव्या तशा म्हणाल्या, "ऱ्हातीस का हितंच? हात पुरतोय का बगू, न्हाई पुरला तर ऱ्हा."

थट्टा होती हे मला माहीत होतं, आणि नव्हती हेही. माझ्या हातातली पिशवी जड झाली. मी मधे बोलले असते तर पोरीनं माझं मन राखायला उत्तर दिलं असतं, आणि तसलं उत्तर मला नको होतं.

ईश्वरीनं माझ्याकडं बघितलं, मग अक्कांकडं. हात उचलला, डोक्यावरून नेला. जुन्या जागी, कानाच्या अलीकडं, तो क्षणभर थांबला. मग तिनं कान पकडला आणि लाल होईपर्यंत ओढला. "पुरतोय की," ती हसून म्हणाली. अक्काही हसल्या. "पुरतोय गं बाई, पुरतोय," म्हणत त्या गोठ्याकडं वळल्या, तिथं त्या दिवशी कुठलंही करडू नव्हतं.

मी जिंकले होते. इतकी वर्षं वाट बघितली होती या क्षणाची. जीप पाराला वळसा घालून निघाली, गाव मागं पडलं, तशी ईश्वरी माझ्या कुशीत सरकली. तोंड माझ्या पदरात घालून हळूच म्हणाली, "मम्मी, मोठीआयला सांगू नकू. मला लई रडू येतंय."

जीभ बदलल्यापासून माझ्याशी ती त्या बोलीत पहिल्यांदाच बोलली. अक्कांसमोर हसून दाखवलेलं रडू तिनं माझ्याकडं आणलं होतं. मला आता कुणी घर कुठलं विचारलं तर केडगाव म्हणायचं की पाथर्डी, हे अजून ठरत नाही. पण त्या जीपच्या मधल्या सीटवर, शेंगांची पिशवी पायाशी घेऊन, मी थोडा वेळ घरी होते.

"न्हाई सांगत," मी म्हटलं.

तेव्हा गावाकडच्या कुणी हे वाचलंत, तर कृपा करून अक्कांच्या कानावर घालू नका. बोबडे बोल त्यांचे, उड्या त्यांच्या, दातसुद्धा त्यांच्याच पत्र्यावर पडलाय. एवढं एक रडणं माझं राहू द्या.