शक्य असेल तेथे

कुठलाही छापील कागद हातात आला की ती तो मागून वाचायला सुरुवात करायची. आधी शेवटचं पान, मग त्याच्या अलीकडचं. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "पुढच्या पानांवर सगळे गोडच बोलतात, काका. खरं काय ते मागे, परिशिष्टात असतं."

मोखाड्यात पंचायत समितीच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दाखले, अर्ज, प्रतिज्ञापत्रं यांतच माझा दिवस जातो. ती पहिल्यांदा आली तेव्हा पाठीवर सॅक होती आणि हातात पेनड्राइव्ह. एक जाडजूड इंग्रजी मसुदा छापून हवा होता. मी म्हटलं, "मोबाइलवर वाच की. कागद कशाला वाया घालवतेस?"

"मोबाइलवर वाचलं की झोप येते. कागदावर वाचलं की राग येतो," ती म्हणाली. "मला राग यायला हवाय."

ती पोशेऱ्याच्या एका पाड्यावरची. आई लहानपणीच गेली, पुढे बापही गेला. वाढवलं आत्याने. आश्रमशाळा, मग जव्हारचं कॉलेज, मग मुंबई, आणि शेवटी दिल्लीतल्या एका संस्थेत संशोधक. इंटरनेटचा कारभार कोण चालवतं, सरकारी यंत्रांनी माणसाला कसं ओळखायचं याचे नियम कोण लिहितं, हा तिचा अभ्यास. गावाला त्यातलं एवढंच कळलं की पोरगी इंटरनेटमध्ये आहे. शाळेच्या एका कार्यक्रमात सरपंचांनी तिची ओळख 'इंटरनेटच्या मॅडम' अशी करून दिली आणि कार्यक्रम संपताच दोघं जण काच फुटलेले मोबाइल घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. तिने ओढणीने काचा पुसल्या आणि परत दिल्या.

"हे माझ्याच्यानं नाही व्हायचं, दादा. मी फक्त नियम वाचते."

"नियम वाचायला पण नोकरी आसते?" त्यातल्या एकाने खरोखरच आश्चर्याने विचारलं.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली मुलगी मोखाड्यात काय करत होती? ती येत होती आत्यासाठी. म्हातारीने जन्मभर नाचणी लावली, दगडाचे बांध घातले. बोटांवरच्या रेषा कधीच झिजून गेल्या होत्या. रेशनच्या दुकानातलं यंत्र तिला ओळखत नव्हतं. मोबाइलवर ओटीपीचा आकडा मागवायची सोय होती, पण आधार कार्डाला जोडलेला नंबर केव्हाच बंद पडला होता आणि तो बदलायचा तर पुन्हा बोटच लागत होतं. रेशनकार्डावर नाव तिचं एकटीचं, म्हणजे दुसऱ्या कुणाचं बोटही चालणार नव्हतं. घरची नाचणी श्रावणापर्यंत पुरत नसे. मग शेजारीण तांदूळ द्यायची, तेही तिच्या पोरांच्या ताटातले.

मी छापून दिलेला तो मसुदा नेमका या यंत्रांबद्दलच्या सरकारी धोरणाचा होता. जनतेच्या सूचना मागवल्या होत्या. तीस दिवसांच्या आत, ईमेलने, इंग्रजीत.

"कुणीही सूचना पाठवू शकतं," ती हसत म्हणाली. "आत्यासुद्धा."

मला वाटलं, थट्टा करते आहे. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी ती माझ्या दुकानाबाहेर बाकडं टाकून बसली. जीपमधून उतरणाऱ्या माणसांना हाक मारायची, "मशीनचा तुम्हाला काही त्रास?" लोक आधी लांबूनच निघून जायचे. मग एक म्हातारा टेकला, आणि मग रांग लागली. दोन बाजारांत तिची वही भरली. ती विचारायची, लिहायची, मी मराठीत टाइप करायचो, मग ती त्याचं इंग्रजी करायची. सगळ्यांत शेवटी तिने आत्याला बसवलं.

"आजी, सरकारला काय सांगायचं?" मी विचारलं.

म्हातारी बराच वेळ हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मशीन माना वळखत नाय. नाय तं नाय. पण शेजारीण वळखते ना? तिला इचारा."

ती लिहायची थांबली. त्या संध्याकाळी तिने मला एकच वाक्य टाइप करायला सांगितलं: यंत्राने ओळखले नाही, तर गावातील दोन माणसांच्या साक्षीवर धान्य द्यावे.

"हे वाक्य त्या कागदात गेलं पाहिजे, काका. बाकी मला काही नको."

पुढची तीन वर्षं ती त्या वाक्याच्या मागे होती. दिल्लीच्या बैठकीत तिला तीन मिनिटं मिळाली, त्यातलं एक माइक चालू करण्यात गेलं. परदेशातल्या एका परिषदेला जाऊन तिथेही ती हेच बोलली. पेपरात फोटो आला, तो मी दुकानात चिकटवला. परत आली तेव्हा गळ्यात अडकवायचं ओळखपत्र तिने आत्याला दाखवलं. आत्याने ते उलटसुलट करून बघितलं.

"मंग आता मशीन वळखंल माना?"

"अजून नाही गं."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि चुलीकडे वळली. हे पोरीनेच मला सांगितलं. सांगताना हसायचा प्रयत्न करत होती, पण तो काही जमला नाही.

अंतिम धोरण आलं, या वेळी मराठीतही, तेव्हा ती धावतच दुकानात आली. मी छापत गेलो तसतशी ती पानं ओढून घेत होती. मध्येच थांबली. वाक्य होतं. तिचं, म्हातारीचं वाक्य सरकारी कागदात छापून आलं होतं. मी म्हटलं, "अगं, मग पेढे आण ना!"

तिने बोट ठेवून दाखवलं. वाक्याच्या आधी कुणीतरी तीन शब्द घातले होते. शक्य असेल तेथे.

"म्हणजे पोशेऱ्यात नाही," ती म्हणाली. राग नव्हता आवाजात. त्या दिवशी मला पहिल्यांदा तिची काळजी वाटली.

त्यानंतर संस्थेने विषय बदलला. या यंत्रांचा प्रश्न आता सुटला आहे, असं तिला सांगण्यात आलं. तिच्या नेमणुकीची मुदत वाढवली नाही. जव्हारला तासिकेवर शिकवून पाहिलं, तेही वर्षभरात बंद झालं. शेवटी बंगळूरच्या एका कंपनीत लागली. काम काय, असं विचारलं तर म्हणाली, "लोक न वाचता ज्याच्या खाली 'मान्य' दाबतात ना, तो मजकूर मी लिहिते."

निघताना आत्याला सोबत चल म्हणाली. म्हातारीने शेत सोडलं नाही. जीपमध्ये बसल्यावर ती मला म्हणाली, "काका, महिन्याला एकदा बघाल ना तिच्याकडे?" मी हो म्हटलं.

पुढच्याच महिन्यात मी म्हातारीला घेऊन रेशन दुकानात गेलो. सोबत शेजारीण होती. ती आणि मी, म्हणजे दोन साक्षीदार झाले. हातात धोरणाचं ते पान होतं. दुकानदार काही वाईट माणूस नाही. त्याने पान नीट वाचलं, मग यंत्र माझ्यासमोर सरकवलं.

"काका, मी ओळखतो हिला. माझ्या लहानपणापासून ओळखतो. पण बोट लागल्याशिवाय हे पुढे जातच नाही. साक्षीदार कुठे दाबू, तुम्हीच सांगा."

म्हातारीने दहाही बोटं एकेक करून ठेवली. प्रत्येक बोट आधी पदराला पुसायची. दहावं झाल्यावर पिशवीची घडी घालून तिने काखेत धरली. "चल बाय," शेजारणीला म्हणाली, "ऊन व्हतंय."

दुकानाच्या पायऱ्या उतरतच होतो तेवढ्यात फोन वाजला. तिचाच.

"आत्याला नेलं होतं का, काका?"

"हो, आत्ताच."

"मिळालं?"

समोर दोघी बाया उन्हातून पाड्याच्या वाटेला लागल्या होत्या. मी म्हटलं, "मिळालं, मिळालं. तू काळजी करू नकोस."

मग तिने हळूच विचारलं, "कुठल्या बोटाने?"

मी "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" म्हटलं आणि फोन बंद केला.