पुलावरचा गालिचा

आज ऑफिसात शिरलो तर सगळीकडे गोंदाचा वास. आमच्या दोन टॉवरना जोडणाऱ्या सातव्या मजल्यावरच्या काचेच्या पुलावर नवा गालिचा चिकटवत होते.

जुना गालिचा नवा होता, तेव्हाही असाच वास होता. त्या जानेवारीत बाबा पुण्याहून आले होते, एकदाच. इकडे परदेशात, आमच्या ऑफिसच्या झुइडओस्ट भागात, बर्फ वितळून चिखल झाला होता. माझं ऑफिस दाखवायला मी त्यांना आणलं. पुलावर आत उबदार होतं, पण काचेला हात लावला की बोटं गारठायची.

पुलाच्या तोंडाशी बाबा थांबले. भिंतीला धरून त्यांनी बूट काढले आणि हातात घेतले.

"एवढा स्वच्छ अंथरलाय. त्यावर चिखल कशाला न्यायचा?" म्हणाले, आणि मोज्यांवरच चालू लागले.

समोरून माझी मॅनेजर येत होती.

"बाबा, बूट घाला. इथे असं करत नाहीत," मी दबक्या आवाजात म्हणालो.

त्यांनी बूट खाली ठेवून पायात चढवले. गुडघे दुखायचे त्यांचे. काचेला टेकून, वाकून ते बराच वेळ नाड्या बांधत होते आणि मी मॅनेजरशी थंडीबद्दल बोलत उभा होतो.

आठवड्याने विमानतळावर मी त्यांना वाकून नमस्कार केला. ती आमची शेवटची भेट. त्यांच्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती. मी हात पुढे केला, तर त्यांनी पाय मागे घेतला.

"राहू दे. आत तपासणीला पुन्हा काढायलाच लावतील."

आणि मी राहू दिली.